दोन प्रोजेक्टांतली एकच शेळी

आमच्या सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या बोळाच्या तोंडाशी अण्णांचं किराणा दुकान आहे. मी निवृत्त झाले त्याच आठवड्यात साखर तोलता तोलता त्यांनी मला विचारलं, की मॅडम, इतकी वर्षं तुम्ही पोरांकडून गणितात संशोधन करून घेतलं म्हणता, पण गणितात आता शोधायचं काय राहिलंय? बेरीज-वजाबाकी तर सगळी झालीय की. मी म्हटलं, अण्णा, तुमची वजनं तपासायची राहिलीत. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी जपून बोलत होते.

तरी त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हता. बाहेरच्या माणसाला गणिताच्या प्राध्यापिकेचं काम म्हणजे फळा, खडू आणि पोरांना नापास करणं एवढंच वाटतं. आमच्या कॉलेजात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रोजेक्ट करावा लागायचा. एखादा छोटा प्रश्न घ्यायचा, त्यावर आधी कोणी काय केलंय ते वाचायचं आणि मग आपलं काहीतरी, बोटभर का असेना, पुढं सरकवायचं. ते बोटभर सरकवून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एकानं आख्खा प्रोजेक्ट इंटरनेटवरून उचलला, तोही इतक्या निष्ठेनं, की आभाराच्या पानावर पत्नीचे आणि दोन्ही मुलांचे आभार जसेच्या तसे. पोरगा बिनलग्नाचा. मी फक्त ‘बारशाचे पेढे राहिले की रे’ एवढंच म्हटलं, तर घामानं डबडबला. मंगळवेढ्याचा एकजण प्रकरण अडलं की हुरडा घेऊन यायचा. त्या हिवाळ्यात माझ्या घरचा हुरडा संपला नाही आणि त्याचं पहिलं प्रकरणही संपलं नाही. आता तो बँकेत आहे, आणि भेटला की अजून वाकून नमस्कार करतो.

पण दिवाळी अंकासाठी एकच गोष्ट सांगायची तर मी भाग्यश्रीची सांगेन. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षातली. त्या वर्षी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि ते परत कसं आलं हे आठवलं की अजून एकटीच हसते.

भाग्यश्री केम गावची. वडील शेती करतात. मुलगी हॉस्टेलवर राहायची. बोलायला कमी, पण एखादी गोष्ट पटली नाही की मान खाली घालून ‘मॅडम, हे कसं काय?’ म्हणायची, आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. मला अशी पोरं आवडतात, जरी त्यांनी माझं डोकं लई खाल्लंय. त्या उन्हाळ्यात तिची दक्षिणेकडच्या एका नावाजलेल्या संशोधन संस्थेत पीएचडीसाठी निवड झाली होती. एमएस्सीचा निकाल वेळेवर आणि स्वच्छ लागला पाहिजे, एवढीच अट. आमच्या विभागातून तिथवर कोणी गेलेलं नव्हतं. तिच्या वडिलांनी होय-नाही करत होकार दिला होता, आणि तो होकार कधीही मागं घेतला जाईल अशा बेतानं दिला होता.

तिचा विषय होता रँडम वॉक. पुस्तकातलं मराठी नाव यादृच्छिक चाल, पण ते म्हणताना जीभ अडखळते, तेव्हा आपण नुसतं चाल म्हणू. समजा, एक माणूस चौकात उभा आहे. शहर पाटीवर चौकोन आखावेत तसं आखलेलं आहे, म्हणजे अर्थातच सोलापूर नाही. प्रत्येक चौकात तो चिठ्ठी काढतो. पूर्व आली तर पूर्वेला, उत्तर आली तर उत्तरेला. पुढच्या चौकात पुन्हा चिठ्ठी. मागची आठवण नाही, पुढचा विचार नाही. प्रश्न एवढाच, की हा बाबा निघाला तिथं, म्हणजे आपल्या दारात, परत येईल का? हे नुसतं कोडं नाही. पाण्यात शाईचा थेंब पसरतो तो असाच, बाजारातले भाव वरखाली होतात तेही काहीसे असेच. उत्तर माणसांनी केव्हाच शोधलंय. परत यायला किती उशीर लागू शकतो, याचा हिशोब भाग्यश्री करत होती.

सिद्धाराम तिच्याच वर्गातला. अक्कलकोटच्या पलीकडचा, घरी कन्नड, कॉलेजात मराठी, आणि घाबरला की दोन्ही एकदम. त्याचाही विषय चालच, पण प्रश्न वेगळा. तो माणूस भटकताना किती नवे चौक बघतो, ते हा मोजत होता. दोघांना कॉम्प्युटरवर अशा पुष्कळ चाली चालवायच्या होत्या. चाल कशी टाकायची तो चार ओळींचा तुकडा मीच वर्गात फळ्यावर लिहून दिला होता. पुढचं ज्याचं त्यानं केलं. आमची लॅब कॉमर्सवाल्यांशी वाटून घेतलेली, त्यामुळे प्रत्येकाला मुश्किलीनं एक बैठक मिळायची. भाग्यश्री एका दिवशी बसली, सिद्धाराम दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मशीनवर. दोघं एकमेकांशी धड बोलतही नसत, कारण पहिल्या वर्षी गॅदरिंगच्या वेळी काहीतरी बिनसलं होतं.

तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाहेरगावच्या परीक्षक सरांचा प्राचार्यांना फोन आला. दोन्ही प्रोजेक्टांच्या शेवटी पहिल्या चालीचं चित्र छापलं होतं, वेडीवाकडी रेघ, आणि ती दोन्ही चित्रं एकच होती. पुढच्या पानांवरच्या पावलांच्या याद्याही त्यांनी पडताळल्या होत्या. उजवीकडे, वर, वर, डावीकडे, पाऊल न् पाऊल सारखं. मी दोन्ही पानं खिडकीपाशी नेऊन एकावर एक धरली. मान वर करून पाला ओरबाडणारी शेळी असावी तसं ते चित्र होतं, चार पाय, एक शिंग आणि आखूड शेपूट. शेळीवर शेळी तंतोतंत बसली. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

बाहेरच्यांसाठी सांगते, हे का भयंकर. दोन पोरांनी एकाच गणिताचं एकच उत्तर लिहिलं तर ते बरोबर असू शकतं. पण दोघांनी शेकडो वेळा चिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येक वेळी दोघांना तीच चिठ्ठी आली, असं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवला नसता. एकानं दुसऱ्याचं उचललंय, दुसरा अर्थच नाही. चौकशी समिती नेमली गेली. कॉलेजात कुजबुज सुरू झाली आणि एक मुलगा, एक मुलगी म्हटल्यावर ती कुठल्या वळणानं गेली असेल ते सांगायला नको.

प्राचार्य तसे मवाळ. त्यांनी मधला मार्ग काढला, की दोघांनी माफीनामा सही करून द्यावा, थोडे गुण कापू, प्रकरण घरातल्या घरात मिटवू. फक्त निकालावर शेरा राहील. सिद्धाराम लगेच तयार झाला. त्याला नोकरी लागली होती आणि त्याला यातून सुटायचं होतं. पण भाग्यश्रीला तो शेरा म्हणजे त्या संस्थेचं दार बंद. आणि त्यानं कबूल केलं तर हिच्या नाकारण्याला अर्थ काय राहणार?

मी तिला खोलीत बोलावून दार लावलं आणि सरळ विचारलं. माझा आवाज चढला होता, तो माझा चढतोच. ती रडली नाही.

“मॅडम, मी घेतलं नाही, दिलंही नाही. मग सही कशाची करू?”

“मग हे झालं कसं?”

“तेच मला कळंना झालंय.”

तिचं ‘तेच मला कळंना झालंय’ ऐकलं आणि मला पटलं की ही खरं बोलतेय. खोटं बोलणाऱ्याकडे स्पष्टीकरण तयार असतं. पण समितीपुढं मी काय सांगणार होते, माझ्या मनाला पटलंय म्हणून? गणिताच्या बाईनं असं म्हणायचं म्हणजे हसं करून घ्यायचं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी लॅबमध्ये गेले. भाग्यश्रीचा प्रोग्राम आपण स्वतः चालवून बघू, पाच-पन्नास चाली काढून बघू, दोन चाली चुकून सारख्या दिसू शकतात का ते तरी कळेल, एवढाच विचार होता. खरं तर नुसतं बसवत नव्हतं. लॅबमध्ये आमचे शिवशरणमामा. लॅब असिस्टंट, मोठे कडक. त्यांचा एक नेम होता. एक विद्यार्थी उठला की दुसऱ्यानं बसण्याआधी मशीन पूर्ण बंद करायचं, दम घेऊ द्यायचा आणि पुन्हा चालू करायचं. कोणे एके काळी कुठल्याशा पोरानं उघडं ठेवलेलं काम दुसऱ्यानं पुसून टाकलं होतं, तेव्हापासून. मी खुर्ची ओढली तर मामा आडवे आले.

“मॅडम, पारोशा मशीनवर बसायचं न्हाय. आदी त्येला आंगूळ घाला.”

मी वैतागले. म्हटलं, मामा, इथं माझा जीव चाललाय आणि तुम्ही मशीनला आंघोळ घालताय. पण ते हलले नाहीत. बंद केलं, चालू केलं. भाग्यश्रीचा प्रोग्राम लावला, बटण दाबलं. रेघ सरसर उमटत गेली आणि समोर शेळी उभी राहिली.

मला वाटलं, जुनंच चित्र उघडलं. पुन्हा बटण दाबलं. या वेळी भलतंच काहीतरी आलं, न शेळी न म्हैस. आणखी एकदा, पुन्हा वेगळं. मग मी थांबले. मामांना म्हटलं, मामा, याला परत आंघोळ घाला. त्यांना बरं वाटलं असावं. बंद, चालू, बटण. शेळी. तेच शिंग, तीच शेपूट. मग मी सिद्धारामचा प्रोग्राम शेजारच्या मशीनवर लावला, आंघोळीसकट. तिथंही शेळी. मी इतक्या मोठ्यानं हसले की मामा पाण्याचा ग्लास घेऊन आले.

आता सांगते काय झालं होतं. कॉम्प्युटर चिठ्ठ्या काढत नाही, त्याला ते येतच नाही. त्याच्या पोटात आकडे बनवायची एक ठरलेली रीत असते. आकडे बाहेर पडतात ते इतके विस्कटलेले, की चिठ्ठ्याच वाटाव्यात. पण रीत ठरलेली, त्यामुळे सुरुवात तीच केली की पुढची सगळी रांगही तीच. आणि चाल टाकायचा तुकडा दोघांचा एकच, माझाच. आमच्या लॅबमधलं ते फुकटचं सॉफ्टवेअर नव्यानं चालू झालं की दर वेळी एकाच ठिकाणापासून सुरुवात करायचं. वेगळीकडून कर, असं त्याला मुद्दाम सांगावं लागतं. आम्ही कागद-पेन्सिलीवर वाढलेली माणसं, आकडे ठरलेले असतात हे वाचून होतो, पण आपल्या लॅबमधलं हे यंत्र रोज सकाळी तोच पाढा पहिल्यापासून म्हणतं, हे कोणाला ठाऊक? आणि मामांच्या नेमामुळे प्रत्येक पोराच्या वाट्याला तो पहिल्यापासूनच यायचा. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात पोरं मशीन तसंच चालू ठेवून एकामागून एक बसतात. तिथं हे घडलंच नसतं. आमच्याकडे स्वच्छता फार.

भाग्यश्रीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मॅडम, वडील उद्या येतायत केमहून, मला घरी न्यायला. सिद्धारामचा फोन लागेना. दहा वेळा लावला असेल. तो गावी गेला होता आणि सकाळी येताना सही करूनच येणार होता. जीव टांगणीला म्हणतात तो त्या संध्याकाळी माझा होता.

सकाळी मी कॉलेजात पोचले तेव्हा सिद्धाराम प्राचार्यांच्या दाराशी उभा, हातात घडी केलेला कागद. मी तो कागद त्याच्या हातातून ओढला आणि पर्समध्ये कोंबला. त्याला म्हटलं, तू काही केलेलं नाहीस, बावळटा. तो आधी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला आणि मग भिंतीला टेकला.

बाकावर भाग्यश्रीचे वडील बसले होते. शिडशिडीत माणूस, धुतलेला पांढरा शर्ट, गुडघ्यावर टोपी. मी त्यांना सांगितलं की भाऊ, काळजी करू नका, पोरीची चूक नाही, आता तासाभरात सिद्ध होईल. त्यांनी मान हलवली. ते म्हणाले, “तिची चूक नसंल, म्हाईत हाय की मला. पर बाई, हितं तुमी तरी हाय. तितं तिच्यावर आसं काय आलं, तर तिचं म्हनायला कोन हाय? झालं शिकून तेवढं बास.”

आत बोलवायला अजून वेळ होता, म्हणून त्यांनी सहज विचारलं, की पोरगी नेमकं शिकतीय तरी काय. मी चौकातल्या माणसाची गोष्ट सांगितली, चिठ्ठ्यांची. त्यांनी मन लावून ऐकली. मग विचारलं, “मंग त्यो मानूस घरी येतो का?” तेवढ्यात शिपायानं हाक मारली आणि मला आत जावं लागलं.

समितीसमोर मी भाषण केलं नाही. एवढीच विनंती केली, की सगळ्यांनी लॅबमध्ये चलावं आणि परीक्षक सरांनी स्वतःच्या हातानं एक चाल काढावी. सरांना ते फारसं रुचलं नाही, पण आले. ते खुर्चीवर बसणार तोच मामा आडवे. “सायेब, आदी बंद करून चालू करा.” प्राचार्य मामांवर डोळे वटारायला लागले, तर मी म्हटलं, राहू द्या सर, इथला नियम आहे. बंद केलं, चालू केलं. सरांनी बटण दाबलं. रेघ निघाली, वळली, परत फिरली, आणि शेळी मान वर करून उभी राहिली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. समोरच्या दोन प्रोजेक्टांमधली चित्रं बघितली, मग पडद्याकडे. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “सर, आता तुमचाही माफीनामा घ्यावा लागेल.”

भाग्यश्रीनं मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. सर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके मोकळे हसले, की मला ते आवडायलाच लागले. शेजारच्या मशीनवर त्यांनी पुन्हा करून बघितलं, रीत समजून घेतली, आणि तिथंच आरोप मागे घेतला. दोघांनी सुरुवात बदलून सगळ्या चाली नव्यानं काढाव्यात, निकालाला उशीर होऊ देणार नाही, असं ठरलं. जाताना सर भाग्यश्रीला म्हणाले, की माफीनाम्यावर सही केली नाहीस हे फार बरं केलंस. माझा जीव भांड्यात पडला. सिद्धारामनं वाकून मामांच्याच पायाला हात लावला, ते का, हे मामांना अजूनही कळलेलं नाही. पुढं मी पोरांना त्या मशीनची सुरुवात बदलायला शिकवलं, पण मामांनी आंघोळ काही सोडली नाही.

एक रुखरुख मात्र आहे. मधल्या त्या दिवसांत कॉलेजातल्या जी तोंडं भाग्यश्रीबद्दल नको ते बोलली, त्यांतल्या एकानंही नंतर येऊन तिला दोन शब्द सांगितले नाहीत. आरोप करायला सगळे होते आणि सुटली तेव्हा आम्ही चार माणसं होतो.

केमकडे जायची गाडी दुपारची होती. तोवर मी तिला आणि वडिलांना कँटीनमध्ये नेलं. भाग्यश्रीची बॅग वडिलांच्या पायाशी होती, हॉस्टेलवरून भरूनच आणलेली. तिला नव्या चाली काढायला अजून इथं राहायचं होतं. सिद्ध व्हायचं ते झालं होतं, आणि माझ्याकडे आता आणखी पुरावा नव्हता. त्यांनी चहा बशीत ओतला, प्यायला, बशी कपाखाली ठेवली.

“बाई, मगाशी तेवढं ऱ्हायलंच की,” ते म्हणाले. “त्यो मानूस. घरी येतो का न्हाय?”

“येतो,” मी म्हटलं. “नक्की येतो, यात काडीची शंका नाही, हे सिद्ध झालेलं आहे. कधी येईल, ते मात्र विचारायचं नाही. फार उशीर लागू शकतो.”

“पर येतो.”

“येतो.”

त्यांनी लेकीकडे बघितलं. ती कपाच्या कानाशी चाळा करत होती. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, उठले, आणि पायाशी असलेली बॅग उचलून तिच्या खुर्चीशेजारी ठेवली.

“मंग जाऊ द्या तिला,” ते म्हणाले आणि एकटेच स्टेशनकडे निघाले.